आई म्हणाली, तुझं काही ऐकूच आलं नाही

काका,
मी २४ वर्षांची. राहते कोथरूडला, नोकरी हिंजवडीत. आमचा चौघांचा बँड आहे. एकजण गातो आणि रिदम गिटार वाजवतो, एक लीड गिटारवर, एक ड्रम्सवर आणि मी बास गिटारवर. तीन वर्षं झाली. मराठी, हिंदी आणि थोडी आमची स्वतःची गाणी करतो. गेल्या महिन्यात बाणेरच्या एका कॅफेत कार्यक्रम होता. शेवटच्या दोन गाण्यांत माझ्या बासचा आवाज आधी फाटायला लागला आणि मग जवळजवळ गेलाच. वायर बदलली, ऍम्प बदलला, काही फरक नाही. खाली उतरल्यावर लीडवाला म्हणाला, "बघ, कुणाला कळलंसुद्धा नाही." आता त्याचं म्हणणं असं की बास आधी रेकॉर्ड करून लॅपटॉपवर ट्रॅक म्हणून लावू, १२ हजार मानधन तिघांत वाटू आणि मला वाटलं तर मी कीबोर्ड शिकावा. आईला कार्यक्रमाचा व्हिडिओ दाखवला तर ती म्हणाली, "छान दिसतेस गं, पण तुझं काही ऐकूच आलं नाही." मी साधारण गिटारच्या कॉर्डचा रूट, म्हणजे मूळ स्वर, धरून वाजवते, फार फॅन्सी काही नाही. गिटारकडे वळू, बँड सोडू, की भांडू?
– चार तारांवाली, कोथरूड

काका म्हणालीस, म्हणजे अगं-तुगं करायला हरकत नाही.

पत्रात बँडवर पंधरा ओळी आहेत आणि आईवर एकच, पण ठणका त्या एका ओळीत आहे. म्हणून आधी आई. (माझ्या वडिलांना मी पहिल्यांदा सांगितलं की ऑर्केस्ट्रात बास वाजवतो, तेव्हा ते म्हणाले, "बास? मग वाजवतोस कशाला?" मराठीत या वाद्याचं नावच आपल्या विरोधात आहे.)

आईचा काही दोष नाही. तिनं पाहिलं त्या मोबाइलमध्ये तू होतीस, तुझा बास नव्हता. तुझी सगळ्यात जाड ई तार मोकळी छेडलीस की सेकंदाला साधारण ४१ कंपनं होतात. गिटारच्या जाड तारेची ८२. मोबाइलचा स्पीकर असतो नखाएवढा. एवढ्या खालच्या आवाजासाठी जितकी हवा हलवायला लागते तितकी तो हलवूच शकत नाही, म्हणून काहीशे हर्ट्झच्या खालचं बहुतेक सगळं तो सोडून देतो. पण आपला कान हुशार आहे. मूळ स्वर गाळला गेला तरी त्याचे वरचे उपस्वर पोचले, तर खालचा स्वर कान स्वतःच भरून काढतो. म्हणजे मोबाइलवर ऐकू यायचं असेल तर तुझ्या आवाजात मधला भाग हवा. तू ऍम्पवर बासची चक्री पूर्ण फिरवतेस आणि मिडची शून्यावर नेतेस, हो ना? सुरुवातीला सगळेच तसं करतात. घरी एकटीनं वाजवताना ते गोड लागतं, जाड साय आल्यासारखं. बँडमध्ये त्याची नुसती घरघर होते आणि मोबाइलवर तेवढंही उरत नाही. उद्याच मिड थोडा वर घे आणि बास थोडा खाली. एकटीला ऐकायला कर्कश वाटेल. वाटू दे.

जॅमरूमचं, म्हणजे सरावाच्या खोलीचंही असंच आहे. पुण्यात आपल्या नशिबी येतात त्या खोल्या म्हणजे कुणाच्या तरी बंगल्याचं गॅरेज नाहीतर दहा बाय बाराचं तळघर, भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेलं. (ते ट्रे काढून अंडीवाल्याला परत द्या. खालच्या आवाजावर त्यांचा शून्य परिणाम होतो.) तुझ्या ई तारेच्या एका लहरीची लांबी सव्वाआठ मीटर, म्हणजे सत्तावीस फूट. दहा फुटांच्या खोलीत ती मावणार कुठे? मग काही स्वर भिंतीपाशी साचतात आणि मधोमध गायब होतात. दोन भिंतींत दहा फूट अंतर असेल तर हा घोळ नेमका तुझ्या मोकळ्या ए तारेच्या आसपास होतो. भिंतीला टेकून बसलेल्याच्या छातीत धडधडतं आणि खोलीच्या मध्यावर उभा असलेला म्हणतो, बास कुठाय? तुझा लीडवाला कुठे उभा राहतो हे तू लिहिलेलं नाहीस. पण लीडवाले सहसा मधोमधच उभे राहतात.

आता "कुणाला कळलंसुद्धा नाही" याबद्दल.

साल १९८७. मी दिवसा बँकेत कारकून आणि रात्री ऑर्केस्ट्रात बास. गणपतीचे दिवस, पेठेतला मांडव, पुढच्या चार रांगांत लोखंडी खुर्च्या आणि मागे सगळे सतरंजीवर. पंचमदांचं एक गाणं ऐन रंगात आलेलं असताना माझ्या ऍम्पचा फ्यूज गेला. ड्रम चालू, गिटार चालू, गायक चालू. मी वेड्यासारखा वाजवतोय आणि निघतंय ते नुसतं तारांचं टिकटिक. पहिल्या रांगेत पांढरी टोपी घातलेले एक आजोबा होते. त्यांनी मान वर करून बल्बकडे पाहिलं. बल्ब पेटलेला होता. मग त्यांनी मागे वळून दुसऱ्या बल्बकडे पाहिलं. पोरं नाचत होती ती थांबली नाहीत, पण त्यांचे पाय जरा उशिरा पडायला लागले. गायकानं एकदा मागे बघितलं, ड्रमरकडे. बिचाऱ्या ड्रमरला वाटलं आपलंच चुकतंय, म्हणून तो आणखी जोरात बडवायला लागला. मांडवात पाचशे माणसं होती. बास गेलाय असं त्यांतल्या एकालाही सांगता आलं नसतं, तरी जो तो कशाला तरी शोधत होता.

तुझ्या कॅफेतही कुणीतरी पंख्याकडे बघितलं असणार. तू फक्त तुझ्या वायरकडे बघत होतीस.

पण खरं सांगायचं तर तुझा लीडवाला अगदीच चुकीचा नाही. "गिटारच्या कॉर्डचा रूट धरून वाजवते" असं तू लिहिलंस. गिटार जे सांगते तेच तू एक मजला खाली उतरून सांगत असशील, आणि तेही त्याच क्षणी सुरू करून त्याच क्षणी सोडत असशील, तर ते काम लॅपटॉप खरंच करू शकतो. बास बँडला लागतोच, पण बास वाजवणारं माणूस लागेलच असं नाही. ती जागा कमवावी लागते.

एक खेळ करून बघ. पांढरी एक हा सा धर. गायकाला सांग, सी कॉर्ड वाजवत बस, म्हणजे सा-ग-प, बोटं हलवायची नाहीत. तू ए तारेच्या तिसऱ्या पडद्यावर सा वाजव. घरात बसल्यासारखं वाटेल. आता बोट उचल आणि मोकळी ए तार छेड, म्हणजे मंद्रातला धैवत. गिटारवर काहीही बदललेलं नाही, तरी संध्याकाळ झाली. आता ई तारेच्या पहिल्या पडद्यावर ये, मंद्र मध्यम. तोच सा-ग-प आता जमिनीपासून सुटल्यासारखा वाटेल. तिन्ही वेळा कॉर्ड त्यानं वाजवली आणि अर्थ तू ठरवलास. हे त्या दोघांसमोर, काही न बोलता, दोनदा कर. भांडायची गरज पडणार नाही बहुतेक.

म्हणून उठून सगळीकडे वेगळेच स्वर लावू नकोस. दहापैकी आठ वेळा रूटच बरोबर असतो. एसी/डीसीचा क्लिफ विल्यम्स १९७७ मध्ये त्या बँडमध्ये आला आणि पुढची कित्येक वर्षं तेच साधे, सरळ आठ ठोके वाजवत राहिला, आणि तो नसता तर ती गाणी पत्र्यासारखी वाजली असती. फरक आहे तो स्वर कुठे संपवायचा यात. बास शिकवताना स्वर सुरू कसा करायचा हे सगळे शिकवतात, थांबवायचा कसा हे कुणी शिकवत नाही. पुढच्या सरावाला गिटारकडे लक्षच देऊ नकोस. ड्रमरच्या उजव्या पायाकडे बघ. किक (पायानं वाजवतात तो मोठा ड्रम) पडते तिथे तुझा स्वर सुरू झाला पाहिजे आणि स्नेअर (काठीनं वाजवतात तो कडक आवाजाचा ड्रम) पडायच्या क्षणी डाव्या हाताचं बोट हलकेच सैल करून तो मिटला पाहिजे. एका गाण्यात एवढंच कर. ड्रमर वर बघेल. त्यानं वर बघितलं की समजायचं.

आपल्याकडे हे नवीन नाही. आळंदीला नाहीतर कुठल्याही भजनाला गेलीस तर पखवाजवाल्याकडे बघ. वाजवायच्या आधी तो डाव्या पुडीवर ओल्या कणकेचा गोळा थापतो, एक थाप मारून ऐकतो, बोटानं थोडी कणीक काढतो, पुन्हा थाप. भजन सुरू व्हायला उशीर झाला तरी चालेल, पण तो खालचा आवाज हवा तसा लागल्याशिवाय तो मान हलवत नाही. आणि तानपुऱ्याची चौथी तार, खर्जाची. सवाई गंधर्वमध्ये तिला कुणी टाळ्या दिल्याचं मी ऐकलेलं नाही. ती उतरली तर मात्र गवई आलाप तिथल्या तिथे थांबवून खुंटीला हात घालतो.

आता जगातली थोडी उदाहरणं देतो, कारण तुझा लीडवाला दोन-तीन नावं तोंडावर फेकणार आहे हे मला ठाऊक आहे. तो म्हणेल, द डोअर्समध्ये बासवादक नव्हता. नव्हता, पण त्यांचा रे मॅन्झारेक डाव्या हातानं वेगळ्या छोट्या कीबोर्डवर बासच वाजवायचा, आणि रेकॉर्डिंगला बऱ्याचदा बाहेरून बासवादक बोलवावा लागायचा. तो म्हणेल, व्हाइट स्ट्राइप्समध्ये दोघंच होते. बरोबर, आणि २००३ साली त्यांचं जे गाणं जगभर फुटबॉलच्या मैदानांत गेलं, त्याची ती प्रसिद्ध ओळ जॅक व्हाइटनं पायाखालच्या पेडलनं गिटारचा आवाज एक सप्तक खाली उतरवून वाजवलेली आहे. लोक आजही तिला बासच समजतात. तो फारच वाचलेला असेल तर प्रिन्सचं नाव घेईल. प्रिन्सनं १९८४ मध्ये तयार गाण्यातून बासची पट्टी काढून टाकली आणि ते गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. यावर माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच म्हणेन की काढून टाकायला आधी ती वाजवून ठेवावी लागली होती, आणि तुमच्या बँडमध्ये प्रिन्स नाही.

तू त्याला मेटॅलिकाचं सांग. सप्टेंबर १९८६ मध्ये स्वीडनमध्ये बसच्या अपघातात त्यांचा बासवादक क्लिफ बर्टन गेला. त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला. १९८८ च्या त्यांच्या अल्बममध्ये त्याचा बास इतका खाली ठेवलाय की जवळजवळ ऐकूच येत नाही. गाणी जबरदस्त आहेत, पण आवाज कोरडा, हाडं लागावीत तसा. पुढे चाहत्यांनी घरी बसून बास वाढवलेली आवृत्ती केली, कारण त्यांना राहवेना. न्यूस्टेड पूर्ण वाजवत होता हो. तुझ्यासारखाच.

आणि क्वीन. त्यांचा फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला, पहिला बँडही तिथेच केला, त्यामुळे हा दाखला मी घरचाच समजतो. क्वीनला मनासारखा बासवादक सापडेना. तिघं येऊन गेले. चौथा, १९७१ मध्ये, जॉन डीकन. १९ वर्षांचा, इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा, कमी बोलणारा. रस्त्यावर टाकून दिलेल्या एका सर्किट बोर्डापासून त्यानं घरी छोटा ऍम्प बनवला, आणि त्यावर गिटारवाल्या ब्रायन मेनं कित्येक वर्षं रेकॉर्डिंग केलं. १९८० मध्ये 'अनदर वन बाइट्स द डस्ट' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. ते डीकननं लिहिलेलं, आणि ते गाणं म्हणजे बासची ओळ, बाकीचे तिच्याभोवती उभे. शांत माणसाला कीबोर्ड शिकायला पाठवलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न हवा तर जेवताना सहज विचार.

नाव न होण्याचं दुःख मात्र खरं आहे, ते मी उडवून लावणार नाही. आम्ही पंचमदांची गाणी कॅसेट मागे-पुढे करून उतरवायचो. बासच्या त्या ओळी काढताना रात्री दोन-दोन वाजायचे. कित्येक गाण्यांवर बास टोनी वाझ यांचा होता हे मला फार उशिरा कळलं, कारण कॅसेटच्या कागदावर तसं काही छापलेलंच नसायचं. डेट्रॉइटचा जेम्स जेमर्सन मोटाउन या रेकॉर्ड कंपनीसाठी १९५९ पासून वाजवत होता. बोट एकच, तर्जनी. त्याच्या बासवर जग नाचलं, पण तबकडीवर वादकांची नावं छापायची पद्धत नव्हती. १९७१ मध्ये मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर त्याचं नाव आलं. बारा वर्षांनी. हे सांगून तुझं सांत्वन होईल असं नाही. माझंही झालं नव्हतं.

गिटारकडे वळायचं म्हणतेस. हौस असेल तर जरूर शीक, चांगलंच होईल. पण रुसून नको. मोठी माणसं बहुतेक उलट्या वाटेनं गेलेली दिसतात. पॉल मॅकार्टनी गिटार सोडून बासवर आला. लॉस एंजलिसची कॅरल के गिटारवाली होती. १९६३ मध्ये एका रेकॉर्डिंगला बासवादक आलाच नाही, हिनं वाद्य उचललं आणि पुढे अमेरिकेतल्या शेकडो गाण्यांवर तिचा बास आहे. आपल्याकडे इंडियन ओशनच्या राहुल राम यांना ऐक. बास वाजवता वाजवता गातात, आणि त्या बँडचा आवाज ओळखू येतो तो त्या बासवरून. मुंबईच्या मोहिनी डेला ऐक, तिच्या वडिलांनी तिला लहानपणीच बास हातात दिला. तिच्यासारखं वाजवायला जाऊ नकोस, बोटं दुखतील. मी प्रयत्न करून पाहिला आहे, साठीत.

ट्रॅकचं म्हणशील, तर ट्रॅक लावणं हे काही पाप नाही. पण त्यानं अडकणार कोण? तू नाही, ड्रमर. ट्रॅक लावला की त्याच्या कानात हेडफोन घालून क्लिक, म्हणजे ठेक्याची टिकटिक, सोडावी लागते आणि कार्यक्रमभर त्याला त्या टिकटिकीला बांधून घ्यावं लागतं. गायकाला वाटलं की लोक गातायत, ध्रुवपद आणखी एकदा घेऊ, तर ट्रॅक पुढे निघून गेलेला असतो. त्यामुळे लीडवाल्याशी बोलायच्या आधी ड्रमरला चहाला घेऊन जा. त्याला एवढंच विचार, तुला क्लिकवर वाजवायचंय का. मग सगळ्यांना म्हण, एका सरावात दोन गाणी ट्रॅकवर आणि तीच दोन माझ्याबरोबर, दोन्ही नीट रेकॉर्ड करू. मोबाइल खोलीत ठेवून नाही, मिक्सरमधून. हेडफोनवर ऐकू. आणि त्यातलं एक गाणं असं निवड ज्यात गायक लांबवतो.

मग पैसे. इथे मी थोडा कठोर होतो. १२ हजार चौघांत तीन-तीन आणि तिघांत चार-चार. म्हणजे हा वाद माणशी हजार रुपयांचा असू शकतो आणि त्याला आवाजाचे कपडे घातलेले असू शकतात. सरळ विचार: "तुला माझा बास नकोय की माझा वाटा?" उत्तर आवाजाचं आलं तर वरचं सगळं कर, थोडं तुझ्यातही बदल. उत्तर पैशांचं आलं तर मानधन वाढवून मागण्याबद्दल चौघं मिळून बोला. आणि उत्तर आलंच नाही, नुसतं हसणं आलं, तर तो बँड सोड. पुण्यात गिटारवाले चौसष्ट कला दाखवत फिरतायत आणि सगळे बासवाल्याच्या शोधात आहेत. आठवडाभरसुद्धा घरी बसणार नाहीस.

आईला पुढच्या सरावाला घेऊन ये. मधोमध खुर्ची देऊ नकोस, ती जागा भरलेली असते. तुझ्या ऍम्पजवळ बसव आणि तिचा तळहात त्या लाकडी खोक्यावर ठेव. मग ते सा, धैवत, मध्यम वाजव.

राहिलं बाणेरचं. आधी फाटला, मग गेला, आणि वायर आणि ऍम्प बदलूनही फरक नाही, हे वाचताक्षणीच मला हसू आलं. तुझा बास ऍक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरी लागणारा, आहे. मागे एक छोटं झाकण असेल, त्यात नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी असते. जॅक खोचला की ती चालू होते, तू वाजव अगर वाजवू नकोस. घरी वायर लावूनच स्टँडवर ठेवत असशील, ऑफिसला गेलीस तरी. सराव संपला की जॅक काढायची सवय लाव. बॅटऱ्या दोन आण, एक बासमध्ये घाल आणि एक बॅगेच्या खिशात ठेव. लीडवाल्याची पेडल्सही त्याच बॅटरीवर चालतात. त्याची कधी भर कार्यक्रमात संपली तर दे त्याला.